निहादच्या कॉर्नरला मी होतो

साहेबानं उजव्या पायातला बूट काढला आणि पायानंच माझ्यापुढं सरकवला.

"हा पण शिवून टाक. हात चांगला वळतोय तुझा."

शुक्रवारची सकाळ. दुबईत शुक्रवारी सुट्टी, त्यामुळं क्लब भरलेला. वीस-बावीस माणसं असतील. मी फरशीवर बसलेलो. पुढ्यात फाटलेली पंचिंग बॅग, तिचं चामडं दोन्ही पायांच्या अंगठ्यांत घट्ट धरलेलं, हातात आरी. साहेब एका पायात बूट आणि एका पायात मोजा असा उभा. मोज्याला भोक होतं. सगळे बघत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, निदान मला राग तरी आला असता.

मी तो बूट शिवला.

हे आधीच सांगून टाकतो, कारण असल्या गोष्टी सांगताना माणसं स्वतःला शूर करून सांगतात. मी शूर नव्हतो. दोनशे दिरहमचा बूट, म्हणजे तेव्हाचे बावीसशे रुपये. तळवा पुढून जरा उसवला होता. मी शिवला, गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि बूट त्याच्या पायापाशी ठेवला. त्यानं पाय घातला, टाच दोनदा आपटून बघितली. थँक्यू म्हणाला आणि ऑफिसात गेला.

आता साहेब कोण, ते सांगतो. आमच्या क्लबचा मॅनेजर. दुबईच्या देरा भागात क्लब होता, खाली जिम, वर बॉक्सिंगची रिंग. साहेब आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातला, आमच्याच तालुक्यातला, वाढला पुण्यात. ऊद मेथा भागात फ्लॅट, बायको, एक मुलगी. मी चौऱ्याण्णव साली तिथं सफाई कामगार म्हणून लागलो. पहिल्या दिवशी त्यानं माझा पासपोर्ट उघडला आणि आडनाव वाचलं. आमच्याकडं आडनावं गावावरून. गावाच्या नावाला 'कर' लावला की झालं. गावच्या खोताचं तेच आडनाव आणि आमचंही तेच.

"अरे वा, म्हणजे तू आमच्यातलाच," साहेब म्हणाला.

नाही साहेब, मी चांभाराचा. एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. ते चारही गिळले आणि वर हसलो. पासपोर्ट त्यानं कपाटात टाकून कुलूप लावलं. तिकडं सगळ्यांचेच पासपोर्ट तसे कंपनीच्या कपाटात असायचे.

त्या हसण्यावर मी पाच वर्षं जगलो. दरवर्षी गणपतीला साहेबाच्या घरी. पाच दिवस. मूर्ती मी आणायची, मखर मी बांधायचं, स्वयंपाकघरात वहिनींच्या शेजारी पाट मांडून नारळ खवायचा, मोदक वळायचे. वहिनी मला भावजी म्हणायच्या. आलेल्या बायकांना माझ्या मोदकाच्या कळ्या दाखवायच्या. "बघा, पुरुषमाणसाचा हात आहे का हा?" म्हणायच्या. मी भाव खायचो. खरं सांगतो, मला फार गोड वाटायचं ते. शारजाच्या खोलीत आम्ही नऊजण एकावर एक पलंगात झोपायचो, आणि इथं मी एका घरातल्या आतल्या खोलीत बसलेलो. रात्री घरी पत्र लिहायचो, साहेब देवमाणूस आहे म्हणून.

माझ्या बापाला हे पत्र वाचून दाखवायची माझी बायको. त्यानं जन्मभर खोताच्या खळ्याबाहेर उन्हात बसून त्यांच्या घरच्या वहाणा शिवल्या होत्या. पाणी वरून ओंजळीत. मी दहा वर्षांचा असताना एक दिवस त्यानं आरी, रापी, ऐरण, सगळं गोणत्यात बांधलं आणि नदीत टाकून आला. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. मला म्हणाला, ह्या कामाला पुन्हा हात लावायचा नाही. तोवर मी मात्र सगळं शिकलेलो होतो. हात विसरत नाही.

निहाद शहाण्णव साली आला. बोस्नियाचा. तिकडं लढाई नुकतीच थांबलेली. मधली काही वर्षं जर्मनीत निर्वासितांच्या छावणीत काढून तो किकबॉक्सिंगमध्ये वर आला होता. हेवीवेट. सहा फूट चार इंच, एकशे आठ किलो, आणि आवाज मात्र बारीक. आमच्या क्लबानं त्याला ठेवून घेतलं. त्यानं क्लबाच्या नावावर लढायचं, सकाळी मेंबर लोकांना शिकवायचं, क्लबानं त्याचा व्हिसा आणि राहणं बघायचं. असा करार.

मी तेव्हा मॉप मारायचो. एकदा त्याच्या लाथा झेलायचे पॅड धरणारा फिलिपिनो आजारी पडला. निहादनं मला हाक मारली आणि पॅड माझ्या हातात दिले. पहिल्या लाथेला मी भिंतीला जाऊन आपटलो. तो आला, माझे खांदे धरून मला उभं केलं, पाय किती फाकायचे ते दाखवलं. दुसऱ्या लाथेला मी दोन पावलंच मागं गेलो. तिसऱ्या आठवड्यात मी हललो नाही. खडी फोडणाऱ्याचा पोरगा होतो मी, पाठ मजबूत होती.

मग मॉप सुटला. त्याच्या हातांना पट्ट्या मी बांधायच्या. नडग्यांना तेल मी लावायचं. आणि लढतीत त्याच्या कॉर्नरला मी. कॉर्नर म्हणजे रिंगचा कोपरा. दोन फेऱ्यांच्या मधे एक मिनिट असतं, त्यात लढणारा स्टुलावर येऊन बसतो. त्या मिनिटात पाणी, बर्फ, रक्त पुसायचं, आणि कानात एकच गोष्ट सांगायची. निहाद दमला की उजवा हात खाली सोडायचा. मी तेवढंच सांगायचो. राइट हॅन्ड, निहाद, राइट हॅन्ड. दुबई, अबुधाबी, बहारीनला मी बरोबर असायचो. तो हॉलंडला गेला, जर्मनीला गेला, जपानहून दोनदा बोलावणं आलं. एका वर्षात अकरा लढती, त्यातल्या नऊ जिंकला. लोक त्याच्या डाव्या पायाला भ्यायचे. क्लबाच्या दारावर त्याचं माणसाएवढं पोस्टर लागलं आणि मेंबर दुप्पट झाले.

साहेब खूश. मला म्हणाला, तुझ्या व्हिसावरचं सफाई कामगार काढून असिस्टंट ट्रेनर करून देतो. फाईल बनवली, माझे फोटो घेतले. लोकांना ही कागदावरची गोष्ट वाटेल. मला नव्हती. माझी मुलगी सात वर्षांची होती. शाळेत बाईंनी विचारलं, वडील काय करतात, तेव्हा ती म्हणाली, दुबईत झाडू मारतात. सगळा वर्ग हसला. मला तो शब्द बदलायचा होता. बाकी काही नको होतं.

निहाद कधीकधी बोलायचा. त्याचं इंग्लिश तुटकं, माझंही तुटकं, त्यामुळं जमायचं. एकदा पट्टी बांधताना त्यानं सांगितलं, लढाईत त्यांच्या गावात बस अडवली. सगळ्यांना खाली उतरवलं आणि बापाचं नाव विचारलं. नावावरून माणसं इकडं आणि तिकडं उभी केली. त्या बसमध्ये त्याचा मोठा भाऊ होता, त्याला तिकडं उभं केलं. पुढचं तो बोलला नाही. माझ्या जिभेवर आलं होतं, आमच्याकडंही विचारतात. पण साहेब शेजारच्या खोलीत होता. मी पट्टी बांधत राहिलो.

नव्व्याण्णव साली ती बॅग फाटली. ऐंशी किलोची, चामड्याची, वरच्या चामडी पट्ट्यांपाशी शिवण उसवली आणि निहादच्या लाथेनं ती साखळीसकट खाली आली. महिन्यावर जपानची लढत. नवी बॅग जहाजानं यायची, दोन महिने तरी. निहाद डोकं धरून बसला. क्लबाचा ड्रायव्हर म्हणाला, सतव्यात पठाण मोची बसतो, त्याच्याकडं नेऊ. आम्ही नेली. पठाणानं टाका घातला, पण तो चपलेचा टाका होता. निहादच्या चौथ्या लाथेला तुटला.

आणि मी म्हणालो, मी करतो.

का म्हणालो? कुणी विचारलं नव्हतं. मला निहादचं उतरलेलं तोंड बघवत नव्हतं, हे एक. आणि दुसरं, माझ्या हातांना ते येत होतं. पठाणाकडून आरी, दोन सुया आणि मेणाचा दोरा घेऊन आलो. खरं तर ते काम टेबलावर बसून, बॅग शिकंज्यात आवळूनही झालं असतं. पण वीस वर्षांनी हातात आरी आली आणि अंगच आपोआप खाली बसलं. चप्पल काढली, चामडं पायाच्या अंगठ्यांत धरलं, मान घातली. आरीनं भोक, दोन्ही बाजूंनी सुई, दोन्ही हातांनी ओढ. इतकं बरं वाटत होतं की मी कोण म्हणून इथं वावरतोय हेच विसरलो.

साहेबानं ती बैठक लहानपणी सुट्टीत गावच्या घराच्या खळ्याबाहेर बघितलेली होती. कोकणातल्या माणसाला ती लगेच ओळखू येते. तो बराच वेळ उभा राहून बघत होता. मग विचारलं, "वडील काय करायचे रे तुझे?"

माझे हात थांबले. वर बघितलं तर त्याला उत्तर माहीत होतं. मी सांगितलं.

"आणि पाच वर्षं आमच्या घरात मोदक वळलेस की रे," तो म्हणाला. चिडून नाही. हसून. मग त्यानं बूट काढला.

त्या दिवसापासून माझ्या पायाशी वस्तू येऊ लागल्या. घड्याळाचा पट्टा, बायकांची पर्स, पोराचं दप्तर. साहेबच पाठवायचा. ट्रेनर व्हिसाची फाईल कुठं गेली कळलं नाही. विचारलं की इन्शाल्ला म्हणायचा. गणपतीच्या आठ दिवस आधी वहिनींचा फोन. आवाज तसाच गोड. "भावजी, यंदा तुम्ही त्रास नका घेऊ हं, माझी बहीण आलीये." नंतर त्यांची मुलगी क्लबात आली होती, तिला मी विचारलं, मोदक केले का गं यंदा? ती म्हणाली, "यस अंकल. मम्मीनं न्यू खवणी आणली. शी थ्रू द ओल्ड वन." लहान होती. तिला काय माहीत. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सोडलं? पासपोर्ट कपाटात. मुलीची शाळा. आणि निहाद.

निहादला मी शिवलेल्या बॅगेचं फार कौतुक. तिच्यावर हात फिरवायचा, शिवण ओढून बघायचा. म्हणाला, माझे आजोबा घोड्यांची जीनं शिवायचे. आमच्याकडं मोठ्या शहरात चामडं शिवणाऱ्यांची गल्ली आहे, बाजारातली सगळ्यांत जुनी, गल्लीला त्या धंद्याचंच नाव आहे. जपानहून जिंकून आला तेव्हा आल्याआल्या त्यानं ती बॅग मिठी मारल्यासारखी धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ही ह्यानं शिवली. मला वाटलं, जगात एक तरी माणूस आहे. त्या एका माणसासाठी मी आणखी तीन वर्षं लोकांच्या पर्सा शिवल्या. मूर्ख होतो मी.

दोन हजार सालानंतर त्याचं बिघडत गेलं. डाव्या पायाची नडगी तडकली. डॉक्टर म्हणाले सहा महिने, साहेब म्हणाला करारात दोन लिहिलेत. अडीच महिन्यांत तो रिंगमध्ये गेला आणि हरला. मग हरतच गेला. डावा पाय टाकायला भ्यायला लागला, आणि समोरच्याला ते दिसतं. दारावरचं पोस्टर उन्हानं पांढरं पडलं, कुणी बदललं नाही. मेंबर लोक त्याला म्हातारा म्हणायला लागले. तेहतीस वर्षांचा होता. गावी आई होती, बहीण होती, भाऊ नव्हता. व्हिसा साहेबाच्या हातात. एवढा आडदांड गोरा माणूस, साहेबाच्या ऑफिसबाहेर माझ्यासारखाच टोपी हातात घेऊन उभा राहायचा.

दोन हजार दोनमध्ये क्लबानं एका मोठ्या हॉटेलात लढती ठेवल्या. निहादची शेवटची संधी. जिंकला तर करार पुढं, हरला तर खलास. दुपारी क्लबात आणि लढतींत पैसा घालणाऱ्या शेठ लोकांना जेवण होतं. सगळे आपलेच, मुंबईचे, पुण्याचे, दुबईत पैसा केलेले. त्यांना पैलवान जवळून बघायचा होता, म्हणून साहेबानं निहादला बोलावलं. मी बरोबर. क्लबाचं जॅकेट घातलेलं, खांद्याला कॉर्नरची पिशवी. त्यात पट्ट्या, बर्फ, कात्री, आणि ग्लोव्ह उसवला तर सुईदोरा.

शेठ लोकांनी निहादचे दंड दाबून बघितले. फोटो काढले. मग एका शेठनं मला बघितलं, हा कोण म्हणून विचारलं. साहेब इंग्लिशमध्ये म्हणाला की हा आमचा फॅमिली कॉबलर. सगळं टेबल हसलं. त्या शेठच्या पायात इटालियन चप्पल होती, अंगठ्याचा पट्टा निघालेला. त्यानं खुर्चीतूनच पाय लांब केला. माझ्या मांडीपर्यंत आला तो पाय.

"यल्ला, चल, दाखव जरा तुझी कला," साहेब म्हणाला.

मी निहादकडं बघितलं. मला काय वाटलं होतं कुणास ठाऊक. तो काहीतरी बोलेल. गल्लीचं सांगेल. निहाद त्या शेठच्या तोंडाकडं बघत होता, ज्याच्या हातात त्याचा करार होता. मग तो हसला. माझ्या पाठीवर थाप मारली आणि त्या बारीक आवाजात म्हणाला, "डू इट, माय फ्रेंड. टू मिनिट्स."

एकशे आठ किलोच्या माणसानं मला कितीदा लाथ मारली असेल, पॅडवर. अशी लागली नव्हती.

आणि तेव्हा मला समजलं. नाव विचारून त्याच्या भावाला बंदुकीपुढं उभं केलं होतं, तरी आज तो हसत होता. मला विचारलं तेव्हा समोर नुसता पासपोर्ट होता, आणि मी पहिल्याच दिवशी हसलो होतो. साहेबानं बूट नंतर काढला. मान मी आधीच घातली होती, त्याच्या स्वयंपाकघरात, मोदक वळता वळता. मी लपवत होतो म्हणून त्याला सापडलं. माझा बाप लपला नव्हता. त्यानं सगळ्या गावासमोरून गोणतं खांद्यावर घालून नदीवर नेलं होतं.

मी त्या शेठला काही बोललो नाही. साहेबाकडं वळलो, मराठीत बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"साहेब, ह्यांना पाय खाली घ्यायला सांगा. मी चांभार आहे. मला काम येतं, पण ते मी कुणाचं करायचं ते मी ठरवणार."

कुणीतरी काटा ताटात ठेवला त्याचा आवाज आला. साहेबाचं तोंड लाल. हळूच म्हणाला, "उद्या व्हिसा कॅन्सल करतो तुझा. घरी जाशील."

"करा," मी म्हणालो. पाय अजून तसाच होता. "पाय खाली घ्या," मी आता शेठलाच म्हणालो. त्यानं घेतला. घाबरून नाही, गोंधळून. पण घेतला.

संध्याकाळची लढत मी सोडली नाही. काम माझं होतं, साहेबाचं नव्हतं. निहादच्या हातांना पट्ट्या बांधल्या, नेहमीसारख्या, एकही सुरकुती न ठेवता. तो सॉरी म्हणाला. म्हणाला, तुला माहीत आहे माझं. मला माहीत होतं. म्हणूनच मी ते ठीक आहे असं म्हणालो नाही. पहिल्या फेरीनंतर त्याच्या कानात सांगितलं, राइट हॅन्ड. दुसऱ्या फेरीत तो हात खाली गेला आणि समोरच्या रशियन पोरानं त्याला कानाखाली लाथ मारून आडवा केला. मी आत गेलो, तोंडातला गार्ड काढला, डोकं मांडीवर घेतलं, डोळे उघडेपर्यंत थांबलो. मग उठलो. महिन्याभरात त्यालाही काढलं. ऑस्ट्रियात कुठल्याशा नाइटक्लबच्या दारावर उभा राहतो, असं ड्रायव्हरनं नंतर सांगितलं. एकदा त्याचा फोन आला होता. मी हवापाण्याचं बोललो आणि ठेवला.

मला साहेबानं शब्दाप्रमाणे कॅन्सल केलं. गावी गेलो. बापासमोर बसून सगळं सांगितलं, मोदकांसकट. तो म्हणाला, पाच वर्षं? मी म्हणालो, हो. तो उठून बाहेर गेला. त्यानं मला माफ केलं की नाही ते मला आजही ठाऊक नाही. तो गेला आता.

आठ महिन्यांनी मी परत आलो. अबुधाबीकडं, मुसाफ्फाच्या बाजूला एका जिममध्ये. व्हिसावर ट्रेनर. त्या व्हिसाची झेरॉक्स मुलीला पाठवली. तिथल्या मॅनेजरनंही पासपोर्ट उघडला, आडनाव वाचलं, त्याचा चेहरा खुलला. मराठी होता.

"कोकणातले का? म्हणजे आमच्याच—"

त्याचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. "चांभार," मी म्हणालो. "गाव नंतर सांगतो."

त्याचा चेहरा बदलला की नाही ते बघायला मी थांबत नाही आता. त्याचा चेहरा हा त्याचा प्रश्न. विचारणाऱ्याला मी आधी जात सांगतो, मग नाव, मग गाव. जेवायला बोलावलं तर उंबऱ्याबाहेर सांगतो आणि मगच आत पाऊल टाकतो, नाहीतर तिथूनच मागं फिरतो. मुलगी आता मोठी झालीये, तिलाही हेच शिकवलंय. ती म्हणाली, पप्पा, कशाला उगाच, इथं कुणाला कळतंय? मी तिला समोर बसवलं आणि ती खवणी, तो पाय, सगळं सांगितलं. तिनं विचारलं, आणि लोक तुटले तर? मी म्हणालो, तुटू देत. मला पुन्हा कुणी आमच्यातला म्हणायचं नाही.